माहिती खालून येते

बाळ्या : म्हणजे ती खोकी तू स्वतः पाहिलीस. डोळ्यांनी.

ताई : पाहिली. आपल्या घराजवळच्या रुग्णालयात, तळमजल्यावर, जिन्याखाली. चारही.

बाळ्या : आणि तरी तू उत्तर लिहिणार, ‘हे खरे नाही’.

ताई : मी पाहिलं ती माहिती नव्हे, बाळ्या. माहिती खालून येते. रुग्णालय जिल्ह्याला कळवतं, जिल्हा संचालकांना, संचालक आमच्या खात्याला. मग ती माझ्या टेबलावर येते आणि मी तिचं उत्तर करते. वरच्या कुणी मधेच उठून जाऊन बघून आलं, तर त्याला माहिती म्हणत नाहीत.

बाळ्या : मग काय म्हणतात?

ताई : आगाऊपणा.

बाळ्या : बरं. खालून काय आलंय?

ताई : ‘डायलिसिसची चारही यंत्रे कार्यान्वित आहेत.’ सही, शिक्का, सगळं जिथल्या तिथं.

बाळ्या : जिन्याखाली कार्यान्वित?

ताई : आली त्या दिवशी एक उघडलं होतं. प्लग लावला, हिरवा दिवा लागला, मोठ्या डॉक्टरांनी शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. दिवा लागला म्हणजे कार्यान्वित. मग धूळ बसू नये म्हणून परत खोक्यात घातलं.

बाळ्या : काळजी घेतात हो माणसं.

ताई : हसू नकोस, तो फोटो फाइलला लावलाय. यंत्रांना शुद्ध पाणी लागतं, त्याचा प्लांट बसवायचं काम दुसऱ्या विभागाकडे. त्या विभागानं विचारलं, यंत्रं चालू आहेत का? कळवलं, आहेत. मग ते म्हणाले, चालू आहेत म्हणजे पाणी असणारच, प्लांट कशाला?

बाळ्या : वा. आणि आपली आई मागच्या महिन्यात त्यातल्याच एका खोक्यावर बसून रक्तदाब मोजून आली. खुर्ची नव्हती म्हणून. मशीनवर बसून आली गं ती. आणि त्याच मशीनसाठी आपण तिला दोन बसगाड्या बदलून इथं, ह्या लांबच्या रुग्णालयात आणतो.

ताई : हळू बोल. बाक आपल्या दोघांचाच नाही.

बाळ्या : ऐकू दे की. बाकावरचे सगळे आपल्याच बाजूचे आहेत. ते कोपऱ्यातले काका तर आपल्या मागच्या गल्लीतले. ते पण चार तास काचेच्या दाराकडे बघत बसतात, आपल्यासारखेच. त्यांची बायको आईच्या शेजारच्या खाटेवर असते.

ताई : तरीसुद्धा. तू आमदारांचे प्रश्न लिहितोस, मी मंत्र्यांची उत्तरं लिहिते. आपण एका बाकावर बसतो हेच आधी फार झालं.

बाळ्या : एका आईची मुलं आहोत, त्याला काय करणार?

ताई : तिचंच म्हणते मी. काल तुला काही बोलली ती?

बाळ्या : तुलाही बोलली?

ताई : शुक्रवार बंद करते म्हणाली. आठवड्यातून तीनदाऐवजी दोनदा. ‘एका दिवसानं काय अडतंय’, म्हणाली.

बाळ्या : डॉक्टरांनी काय बजावलंय ते सांगितलंस ना?

ताई : सांगितलं. तर म्हणते, ‘त्यांना म्हणावं एकदा माझ्याबरोबर बसनं येऊन बघा.’ परवा उतरताना तिला चक्कर आली होती. कंडक्टरनं सावरलं, पण नेमका सुईचाच हात धरला. रात्री हात उशीवर ठेवून बसली होती नुसती, आणि मला म्हणे, झोप तू. मला भीती वाटते रे, बाळ्या. दिवसभर दुसऱ्या गावांच्या रुग्णालयांची उत्तरं लिहिते आणि मधेच एकच ओळ दोनदा लिहून बसते.

बाळ्या : रडू नकोस इथं. हे घे, हा माझा मसुदा. कडक झालाय. ‘डायलिसिसची यंत्रे धूळ खात पडून आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, दोषींवर कोणती कारवाई केली? केली नसल्यास, कारणे काय?’

ताई : उत्तर सांगू? ‘एक : हे खरे नाही. दोन व तीन : प्रश्न उद्भवत नाही.’ तुझा चहा थंड व्हायच्या आत.

बाळ्या : लहानपणी फुलदाणी फुटली तेव्हा बाबांना तू असंच उत्तर दिलं होतंस.

ताई : तेव्हा ‘थोडंसं खरं आहे’ म्हटलं होतं. फुलदाणी फुटली होती, मी फोडली नव्हती.

बाळ्या : तुझी सरकारी नोकरी तेव्हाच पक्की झाली बघ.

ताई : आता ऐक. हे मी तुला सांगता कामा नये, तेव्हा मी सांगितलेलं नाही. ‘नाही’ म्हणता येईल असा प्रश्न विचारायचाच नसतो. मंत्र्यांना ‘होय’ म्हणावंसं वाटेल असा विचारायचा. लिही. ‘यंत्रे लवकर सुरू व्हावीत म्हणून माननीय मंत्र्यांनी व्यक्तिशः पुढाकार घेतला आहे, हे खरे आहे काय?’

बाळ्या : घेतलाय?

ताई : यंत्रं आली आहेत हेच त्यांना माहीत नाही. पण ‘नाही, मी पुढाकार घेतलेला नाही’ असं लिहून खाली सही करणारा मंत्री मी तरी पाहिलेला नाही. पुढे लिही. ‘असल्यास, त्यांच्या हस्ते उद्घाटन कोणत्या तारखेस होणार आहे?’

बाळ्या : हा प्रश्न आहे की हार?

ताई : हार घातला की माणूस मान पुढे करतो. तेवढंच हवंय आपल्याला.

बाळ्या : आणि आमचे साहेब मला उभा चिरतील. त्यांना यंत्रं नकोत गं, गोंधळ हवाय. पेपरवाल्यांना सांगून ठेवलंय त्यांनी, ह्या अधिवेशनात खोक्यांवरून सरकारला धारेवर धरणार म्हणून. खोकी उघडली तर त्यांच्या हातात उरलं काय?

ताई : मग तूच ठरव. नोकरी तुझी आहे.

बाळ्या : ठरवायचं काय त्यात? सह्या करताना ते फोनवर असतात. गठ्ठा पुढे ठेवायचा आणि पानं उलटत राहायचं. एक पान ह्याचं जाईल.

ताई : कळलं तर?

बाळ्या : कळलं तर घरी बसेन. आईला बसमधून आणायला एक रिकामा माणूस लागतोच आहे. पण शेवटी एक ओळ मी माझी घालणार. ‘विलंबामुळे रुग्णांची गैरसोय झाली, हे खरे आहे काय?’

ताई : ती नको.

बाळ्या : हवी. नुसतं गोड गोड दिसलं तर साहेबांना फोनवरसुद्धा वास येईल. कुठंतरी एक ओरखडा पाहिजे.

ताई : उगीच आहे तो. बरं, राहू दे. माझ्याकडे आला की बघते त्याचं काय करायचं.

(काचेचं दार उघडतं. आई एका हातानं भिंत धरून बाहेर येते.)

आई : काय खुसुरफुसुर चाललीय?

बाळ्या : कामाचं गं, आई.

आई : दोघांचं काम एकच झालं वाटतं. माझ्या चपला कुठायत?

ताई : बाकाखाली. टेक ना जरा, घाम आलाय तुला.

आई : टेकले तर गाडी जाईल. आणि आत्ताच सांगून ठेवते, शुक्रवारी मी येणार नाही.

बाळ्या : थोडे दिवस काढ, आई. आपल्या घराजवळ सुरू होतंय.

आई : कोण म्हणतं?

बाळ्या : ताईचं खातं.

आई : मग नाही व्हायचं.

ताई : होईल. मी सांगते ना. तोवर एकही दिवस चुकवायचा नाही. शब्द दे मला.

आई : आधी तू दे.

ताई : दिला.

आई : बरं. मग मीही दिला. आता हात धर, पण हा नको, तो धर.

* * *

ताई : तुला कुणी काही बोललं नाही ना?

बाळ्या : सांगतो. बस आधी. आईला आत्ताच आत घेतलंय, भरपूर वेळ आहे. सही तर सरळ झाली. साहेब फोनवर कुणाच्या तरी लग्नाला न आल्याबद्दल माफी मागत होते, त्या माफीत पंधरा-वीस पानं निघून गेली.

ताई : आणि प्रश्न छापून आला तेव्हा?

बाळ्या : तेव्हा बोलावलं. यादी हातात, चष्मा कपाळावर. मी मनात म्हटलं, संपलं. तर मला विचारतात, ‘हा मीच विचारलाय ना?’ म्हटलं, ‘हो साहेब.’ म्हणाले, ‘चांगला विचारलाय. विरोधासाठी विरोध नाही करत आपण.’ आता चौकात फलक लावतायत, ‘आमदारांच्या पाठपुराव्याला यश’. फोटो बघ, हात कमरेवर आहेत.

ताई : मंत्र्यांचाही लागतोय. ‘व्यक्तिशः पुढाकार’. माझ्याकडे प्रश्न आला, मी अगदी पहिल्यांदाच बघतेय असा चेहरा केला आणि वर पाठवला. त्यांनी पहिला भाग वाचला आणि स्वतः संचालकांना फोन लावला, मी पुढाकार घेतलाय ना, मग झालं का नाही अजून?

बाळ्या : आणि पाण्याचा प्लांट?

ताई : बसला. ज्या विभागाला प्लांट कशाला हे कळत नव्हतं, त्याचे साहेब स्वतः उभे होते पाइप जोडताना. पण मजा खालून आलेल्या माहितीची. यंत्रं चालू आहेत हे आधीच कळवून बसलेत, आता सुरू करतोय असं कसं लिहिणार? तर लिहिलंय, ‘यंत्रे अधिक कार्यान्वित करण्यात येत आहेत.’

बाळ्या : अधिक कार्यान्वित! ताई, पाया पडतो मी तुमच्या खात्याच्या.

ताई : बुधवारी उद्घाटन. शुक्रवारी आईला तिथंच न्यायचं. घरापासून चालत, बाजाराच्या कडेनं. आदल्या दिवशी सांगू तिला, आत्तापासून नको.

बाळ्या : तिला कळलंय. काकांनी सांगितलं. कालच मला म्हणाली, ठेवणीतली चादर काढून दे, नव्या खाटेवर जुनी नको. आणि माझी ती ओळ, गैरसोयीची? तिचं काय केलंस?

ताई : लिहिलं काहीतरी.

बाळ्या : काय?

ताई : ‘सदर रुग्णांना अन्य रुग्णालयात नियमित उपचार मिळत असून त्यांची कोणतीही गैरसोय झालेली नाही.’

बाळ्या : हे तू लिहिलंस? ह्या बाकावर बसणारीनं?

ताई : बाकावर बसून नाही लिहिलं, टेबलावर बसून लिहिलं. अरे, ‘झाली’ म्हटलं की कुणामुळे झाली ते लिहावं लागतं. मग खुलासे, मग चौकशी, मग फाइल अडते आणि फाइलबरोबर पाणीही अडतं. असं एखादं वाक्य लागतंच उत्तरात. खोक्यात सामान हलू नये म्हणून पेंढा घालतात ना, तसं. ते कुणी वाचत नाही.

बाळ्या : आईला तेवढं सांगू नकोस म्हणजे झालं.

ताई : आई कशाला वाचतेय सभागृहातली उत्तरं?

* * *

आई : केव्हाचा उभा आहेस त्या नोंदणीच्या खिडकीशी. काय म्हणाला तो माणूस?

बाळ्या : थांब गं, ताईला येऊ दे. अर्धी रजा टाकून येतेय ती.

आई : येऊ दे की. मला काही घाई नाही. आज एकदाही कुठं टेकावं लागलं नाही वाटेत. घरून निघाले आणि आले. नवीन रंगाचा वास मात्र फार येतोय.

बाळ्या : हो.

आई : आणि जिना मोकळा केलाय बघ. खोकी होती तिथं कुंड्या ठेवल्यात. मी मेली कुठं बसायची रक्तदाबाला?

ताई : आले, आले. काय रे, अजून बाहेरच? आत नाही घेतलं तिला?

बाळ्या : घेत नाहीत.

ताई : का? यंत्रं चालू नाहीत?

बाळ्या : उत्तम चालू आहेत. काचेतून बघ. चार यंत्रं, चार खाटा, माणसं दोन. उरलेल्या दोन खाटा नवीन रुग्णांसाठी राखून ठेवल्यात. आई नवीन नाही. आई जुनी आहे.

आई : हे मात्र खरं आहे.

ताई : असं कसं? हा नियम कुणी काढला?

बाळ्या : भिंतीवर चिकटवलाय. मी फोटो काढून घेतला, हे बघ. मनातल्या मनात वाच.

ताई : ‘ज्या रुग्णांना अन्य रुग्णालयात नियमित उपचार मिळत असून ज्यांची कोणतीही गैरसोय झालेली नाही, अशा रुग्णांची नावे येथे नोंदवू नयेत. आधार : सभागृहात देण्यात आलेले उत्तर.’

बाळ्या : मनातल्या मनात म्हटलं होतं मी. भाषा ओळखीची वाटते का?

ताई : संचालकांनी उचललीय. जशीच्या तशी. ‘सदर’चं तेवढं ‘ज्या’ केलंय.

बाळ्या : तू म्हणालीस, कुणी वाचत नाही.

ताई : वर वाचत नाहीत रे. खाली वाचतात. खाली अगदी शब्द न् शब्द वाचतात. माहिती खालून येते एवढंच बघत आले मी. वरून खाली काय जातं, ते इतक्या वर्षांत एकदाही बघितलं नाही.

बाळ्या : मग दुरुस्त कर. तुझंच वाक्य आहे ना?

ताई : आता ते माझं नाही, मंत्र्यांचं आहे. सभागृहात सांगितलेलं दुरुस्त करायचं म्हणजे मंत्र्यांनी उभं राहून म्हणायचं, माझं उत्तर चुकलं. तसा कागद मी वर पाठवला तर कागद परत येईल आणि मी येणार नाही.

बाळ्या : खिडकीवाल्याला मी म्हटलं, ह्यांची गैरसोय झालीय हो, फार झालीय. तर तो म्हणाला, ‘तसं सिद्ध करणारं काही आहे का? कारण झाली नाही, हे सिद्ध करणारं आमच्याकडे आहे.’ वाईट माणूस नाही तो. आईला पाणी देऊ का म्हणून विचारत होता.

आई : मी नको म्हटलं. मोजूनमापून प्यायचं असतं मला.

बाळ्या : आता काय करायचं, ताई?

ताई : पुढच्या अधिवेशनात प्रश्न विचार.

बाळ्या : पुढच्या? आणि तोवर परत ती बस? साहेब विचारणारही नाहीत आता. त्यांच्या यशाचा फलक लागलाय चौकात, त्याच्यावर स्वतःच कशाला शाई उडवतील?

ताई : सह्या करताना ते फोनवर असतात, तूच म्हणालास.

बाळ्या : असतात. बरं, घातला गठ्ठ्यात. ‘विलंबामुळे रुग्णांची गैरसोय झाली व अद्याप होत आहे, हे खरे आहे काय?’ येईल कुणाच्या टेबलावर?

ताई : माझ्या.

बाळ्या : आणि खालून काय माहिती येईल?

ताई : ‘गैरसोय झालेली नाही.’ आधार म्हणून माझंच उत्तर जोडतील.

बाळ्या : मग? तू काय लिहिशील?

ताई : ‘होय, हे खरे आहे.’

बाळ्या : खोडतील.

ताई : खोडतील. मी परत लिहीन. मला विचारतील, माहिती कुठून आली? सांगेन, आमच्या घरातून.

बाळ्या : नोकरी?

ताई : तू तरी कुठं बघितली होतीस तुझी? गप बस जरा. आई, चुकलं गं माझं. तुला शब्द दिला होता मी.

आई : तुमचं दोघांचं काय चाललंय ते मला धड कळत नाहीये. पण आज शुक्रवार आहे आणि मी चुकवायचा नाही म्हणून कबूल केलंय. तिथं, जुन्या ठिकाणी, दुपारपर्यंत खाट ठेवतात माझी. चादर घ्या. निघू या.

बाळ्या : रिक्षा बघतो मी.

आई : एवढ्या लांब रिक्षा कुठली येतेय? बसच बरी. थांब, ते फोनमधलं काय वाचलंस मघाशी? शेवटचं. परत वाच.

ताई : जाऊ दे ना, आई.

आई : वाच.

ताई : ‘रुग्णांची कोणतीही गैरसोय झालेली नाही.’

आई : रुग्ण म्हणजे आम्हीच ना? मी, आणि शेजारच्या खाटेवरची ती?

ताई : हो.

आई : हे तू लिहिलंस?

ताई : मी लिहिलं.

आई : बरं झालं सांगितलंस. मला आपलं उगीच वाटत होतं, होतेय म्हणून.